डावीकडची चेन

चंदीगडला विद्यापीठात शिकवायचो, तेव्हा माझ्या खोलीमागच्या गल्लीत एक म्हातारे सरदारजी राहायचे. नाव कधी विचारलं नाही. दहशतीच्या त्या दिवसांत कुणी कुणाला फारसं काही विचारतच नसे. फवारणी पंपाचं इंजिन सायकलच्या सांगाड्यावर बसवून त्यांनी मुलासाठी फटफटी बनवली होती. इंजिन उलटं फिरायचं, म्हणून मधे दोन दातेरी चाकं घातली होती. ती अशी किंचाळायची की शेजारचं बोलणंही ऐकू येत नसे.

एका नाक्यावर शिपाई ‘रुक’ म्हणून ओरडला. मुलाला ते ऐकूच गेलं नाही. मग गोळी सुटली.

फटफटी पोलिसांकडून परत मिळाल्यावर सरदारजी रोज सकाळी ती गल्लीत सुरू करून बसायचे. मी दिसलो की हात जोडायचे. “प्रोफेसरसाब, जरा वहाँ से ‘रुक’ बोलो.” मी कोपऱ्यावरून ओरडायचो. पगडीची कड कानावरून वर सारून ते ऐकायचे आणि नकारार्थी मान हलवायचे.

एके सकाळी त्यांनी इंजिनच उलट्या तोंडानं बसवलं होतं. चाक आपोआप सरळ फिरत होतं. दातेरी चाकं काढून टाकलेली, डावीकडची चेन उजवीकडे आलेली. मी ओरडलो. त्यांनी लगेच इंजिन बंद केलं.

“सुन गया जी.”

मग चेनकडे बघत म्हणाले, “ये तरकीब तो पहले भी सूझी थी. पर कंपनी की गाड़ी में चेन बाईं तरफ होती है. मैंने सोचा, लड़के पे दोस्त हँसेंगे.”