चार माणसांची हजेरी

जगातल्या सगळ्या देशांनी मिळून आमच्या घरातल्या माणसांचा घात करायचं ठरवलं आहे, अशी माझ्या दाजींची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांची, पक्की खात्री आहे. त्यांनी हे देश पाहिलेत असं नाही. बँकॉकची एक सहल सोडली तर पासपोर्ट कोरा आहे. पण आनंदनगरच्या एका केमिकल कारखान्यात त्यांची उभी नोकरी सेफ्टी खात्यात गेली, आणि पगारच जर वाईट तेवढं आधी सुचण्याचा मिळत असेल तर माणसाला पुढे दुसरं काही सुचत नाही. अंबरनाथला फ्लॅट घेताना बिल्डर त्यांना सातव्या मजल्यावरून डोंगर दाखवत होता. दाजींनी दुसरा मजला घेतला. म्हणाले, "डोंगर गच्चीतून बघू. आगीच्या बंबाची शिडी कुठवर पोचते ते सांगा." नात्यातलं, शेजारचं कुणीही परदेशी निघालं की आधी त्यांच्याकडे जाऊन तासभर बसून येई. आणि हाच माणूस माझी मुलगी जर्मनीला शिकायला निघाली तेव्हा तोंड मिटून बसला होता. त्याला तसं बसवणारा मी. ते सगळं सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

बँकॉकला आम्ही चौघं गेलो होतो. दाजी, ताई, माझी बायको आणि मी. निघायच्या महिनाभर आधी दाजी त्यांची एक आणि माझी एक अशा दोन पँटी घेऊन उल्हासनगरला एका जीन्स शिवणाऱ्या सिंधी शेठकडे गेले. पँटच्या आत, पोटाशी, चेनचा खिसा हवा होता, पासपोर्टसाठी. शेठने शिवलेला खिसा उलटसुलट करून दाखवला. "साईं, चोर को तो मिलेगा ही नहीं," तो म्हणाला, आणि जरा विचार करून पुढे म्हणाला, "आपको भी थोडा टाइम लगेगा." लागला. विमानतळावर खिडकीपलीकडच्या बाईंनी पासपोर्ट मागितला तसे दाजी पट्टा सोडू लागले आणि त्या बाईंनी मान भिंतीकडे वळवली. मागून ताई म्हणाली, "मी यांच्याबरोबर नाहीये." दाजी वळून न बघता म्हणाले, "असं म्हणू नकोस, हजेरी चुकते."

हॉटेलात सामान ठेवल्या ठेवल्या त्यांनी आम्हाला खोलीबाहेर काढलं आणि डोळे मिटून भिंतीला हात लावत जिन्यापर्यंत चालायला लावलं. धुरात डोळे उघडत नाहीत, तेव्हा मधली दारं बोटांनी मोजलेली बरी. आम्ही तिघं मिटल्या डोळ्यांनी एकामागे एक निघालो. पाचव्या दाराशी माझा हात कुणाच्या तरी खांद्याला लागला. डोळे उघडले तर सफाईवाली बाई हात जोडून उभी होती. आमची काही पूजा चाललीय असं तिला वाटलं असावं. बायको हसून हसून खाली बसली. मला मात्र लाज वाटली, आणि ती लाज पुढचे तीन दिवस साठत गेली.

कारण खरा छळ हजेरीचा होता. कारखान्यात भोंगा वाजला की सगळ्यांनी ठरलेल्या जागी जमायचं आणि डोकी मोजून पुरी होईपर्यंत कुणी हलायचं नाही, हा नियम दाजींनी जसाच्या तसा बँकॉकला आणला होता. कुठेही उतरलो की आधी जमायची जागा ठरे. मग दर वीस मिनिटांनी शिट्टी, आणि "एक, दोन, तीन, आणि मी चार." चारच माणसं, तीही समोर उभी. चौथ्या दिवशी मोठ्या बाजारात त्यांनी हत्तीच्या पुतळ्याखालची जागा ठरवली. तिसऱ्या शिट्टीला शेजारची दोन गोरी मुलंही गमतीने रांगेत येऊन उभी राहिली, आणि माझं डोकं फिरलं. "पाणी घेऊन येतो," म्हणालो आणि निघालो. फोन बंद केला. पाय दाबून देणाऱ्या एका थंडगार दुकानात शिरलो आणि झोपलो.

अडीच तासांनी बाहेर आलो तेव्हा ऊन टळटळत होतं. दाजींनी बायकांना हॉटेलवर पाठवलं होतं आणि स्वतः पुतळ्याखाली उभे होते. चेहरा काळवंडलेला, पाय चपलेबाहेर सुजलेले. शेजारी बाक होता, पण बसलं तर गर्दीतून मी येताना त्यांना दिसणार नाही, म्हणून बसले नव्हते. मी म्हणालो, "वाट चुकलो दाजी. फोनची बॅटरी गेली." त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि सोडेचनात. मग म्हणाले, "चूक माझी, मेव्हणे. हा हत्ती एकाच बाजूने दिसतो. जागा निवडायला चुकलो मी." मी मान हलवली. म्हणजे त्यांची चूक मी कबूल करून घेतली.

परत आल्यावर त्यांनी शिट्टी कपाटात टाकली. शेजारचे दुबईला निघाले, सल्ला विचारायला आले, तर म्हणाले, "मी सांगू नये. माझ्या मोजणीतलं माणूस हरवलंय." दोन वर्षं असं चाललं. मी दर रविवारी बदलापूरहून त्यांच्याकडे जाई, चहा पिई आणि काही न बोलता परत येई. मग मुलीचा व्हिसा आला. रात्री मलाच झोप येईना. तिला घेऊन मी त्यांच्यासमोर बसलो. "आतोबा, सांगा ना काहीतरी," ती म्हणाली. ते हसले नुसते. "दुसऱ्या कुणाला विचार बाळा." तेव्हा मी बोललो. थंड दुकान, बंद फोन, सगळं, मुलीसमोरच.

ताई उठून उभी राहिली. "अरे, यांच्या पायांची सूज आठ दिवस उतरली नव्हती. तोंडातून खोटं तरी कसं निघालं तुझ्या?"

दाजींनी तिला हातानेच थांबवलं. "किती वेळ झोपला होतात?"

"अडीच तास."

"एसी होता?"

"होता."

"म्हणजे तुम्हाला काही झालंच नव्हतं," ते म्हणाले. "मी अजून शोधतो तुम्हाला. डोळा लागला की तोच बाजार. तुम्ही रस्ता ओलांडताय, मी शिट्टी फुंकतोय आणि ती वाजत नाही." त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची मुलीकडे वळवली आणि विचारलं, "तुझ्या तिथल्या खोलीचं दार आत उघडतं की बाहेर?"

एरवी फिदीफिदी हसणाऱ्या माझ्या मुलीने तिथल्या मैत्रिणीला मेसेज करून विचारलं. मग जिन्यात दिवा आहे का, ते विचारलं. मग खिडकीखाली काय आहे, ते. दाजी प्रत्येक उत्तराची वाट बघत होते आणि त्यांचा आवाज हळूहळू पूर्वीसारखा होत गेला. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

निघताना ते खाली स्कूटरपर्यंत आले. पूर्वी ते माझ्या हेल्मेटचा पट्टा ओढून बघत, आणि माझ्यासारख्या पन्नाशीच्या माणसाला त्याचा राग येई. त्या संध्याकाळी त्यांनी मुलीचा पट्टा ओढून बघितला, जरा घट्ट केला, तिच्या पाठीवर थोपटलं आणि वळले. मी माझा पट्टा मुद्दाम न लावता उभा होतो. जिन्यातली त्यांची पावलं पहिल्या मजल्यावर गेली, मग दुसऱ्या. वर दार लागल्याचा आवाज आला.

"बाबा, चला ना," मुलगी म्हणाली.

मग माझा पट्टा मीच लावला.