परसातली सात डाळिंबं

माझं माहेर वैरागकडचं, बोरांचं. उन्हाळा लागला की बोरीचं जुनं लाकूड बिनदिक्कत उतरवायचं आणि नव्या फुटव्यावर बोरं घ्यायची, एवढं शास्त्र घेऊन मी दुधनीजवळच्या सासरी आले. शहाणपणाला तोटा नव्हता.

सासरी परसात सात डाळिंबं होती. सासूबाईंनी लावलेली आणि बहात्तरच्या दुष्काळात भांडी विसळलेलं पाणी घालून जगवलेली. दुसऱ्या कुणाला त्या हात लावू देत नसत. दुष्काळ सरल्यावर एका उन्हाळ्यात लेकीच्या तिसऱ्या बाळंतपणासाठी त्या महिनाभर अक्कलकोटला गेल्या. जाताना म्हणाल्या, "झाडांकडं बघ गं पोरी." मी बघितलं. आखूड, काटेरी, जून काड्या दिसतील तेवढ्या उडवल्या.

परत आल्यावर सासूबाई खूश झाल्या. झाडं कशी न्हाव्याकडून आल्यासारखी दिसत होती. पावसाळ्यात फुटवे पुरुषभर वाढले. फुलं मात्र मोजकीच आली आणि गळून गेली. एकही फळ धरलं नाही.

सोलापूरला बाजारात रोपं विकणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "डाळिंब जुन्या काडीवरच्या आखूड फांदीला धरतंय. ती ठिवली हुती न्हवं?" मी एक रोप उचलून त्याची मुळं बघायला लागले. तोच पुढं म्हणाला, "काडी जून हू द्या, दोन वर्सांत पुन्हा धरंल. झाडाला काय बी झालं न्हाय."

एवढंच घरी सांगायचं होतं. पण सासूबाईंनी कोठीच्या किल्ल्या नुकत्याच माझ्याकडे दिल्या होत्या, आणि त्या परत जातील या भीतीनं मी रोज उद्यावर ढकललं. तोवर त्यांनी स्वतःच कारण काढलं. "वय झालं झाडांचं. कशाला पाणी वाया घालवायचं?"

गडी लावून सातही झाडं मुळासकट काढली. त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. मी जेवले. भूक लागली होती आणि सुटल्यासारखंही वाटत होतं, खोटं कशाला सांगू? शरम नंतर आली, आणि ती काही गेली नाही.

संध्याकाळी शेजारीण हळहळायला आली. सासूबाई माझ्याकडे हात करून तिला म्हणाल्या, "मी नव्हते तवा हिनं लई केलं झाडांचं. पोटच्या पोरागत बघितली. पण वयाला कोण काय करणार?"

शेजारीण माझ्याकडे कौतुकानं बघायला लागली.

"व्हय की आत्याबाई," मी सासूबाईंना म्हणाले, "वयच झालं हुतं."