टाकीचं पाणी

ती वेल अमरावतीहून आमच्याकडे आली ती गाडीच्या पुढच्या सीटवर बसून. पोरगा मागं, सून गाडी चालवून राहिली आणि तिच्या शेजारी कुंडी. मोठाल्या, कात्रीनं कापल्यासारख्या पानांची, काथ्याच्या दांड्यावर चढवलेली. मॉन्स्टेरा म्हणतात तिला. मी फाटकी वेल म्हणत होते, सुनेसमोर नाही.

सुनेच्या ट्रेनिंगसाठी दोघं दीड महिना पुण्याला चालले होते. त्यांचा फ्लॅट बंद राहणार, म्हणून ऐन उन्हाळ्यात कुंडी अकोल्याला, जुन्या शहरात माझ्या घरी. सुनेची आई मागच्या वर्षी गेली. आईचं भाड्याचं घर सोडताना सुनेनं भांडीकुंडी वाटून टाकली, तेवढी ही वेल ठेवली. हे मला ठाऊक होतं, म्हणून तर मी तिचं बोलणं कान देऊन ऐकलं.

"आई, उन्हात नका ठेवू, कूलरच्या समोर नका ठेवू," ती म्हणाली. "माती वाळली का टाकीचं पाणी द्या. ओल्या फडक्यानं पानं पुसा. बस, येवढंच."

येवढंच मी केलं, अगदी मन लावून. पंधराव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, पापड जास्त भाजल्यासारख्या. मला वाटलं, ऊन बाधलं. पाणी वाढवलं. मग खालचं एक पान पिवळं पडलं, त्यावरचंही पडलं.

सुनेचा व्हिडिओ कॉल आला की मी कुंडीची चांगली बाजू फोनकडे फिरवायचे. खोटं बोलले नाही, पण दाखवलंही नाही.

"मागची बाजू दाखवा ना, आई."

"अवं, वजनदार हाय कुंडी. माह्या कंबरेचं पाह्य ना."

एक दिवस देठाला बोट लावलं तर बुडाशी मऊ लागलं. मी ऑटो करून कुंडी थेट जठारपेठेकडच्या एका नर्सरीत नेली. नर्सरीवाल्या चाचांनी मातीवरचा पांढरा थर बोटानं खरवडला आणि चक्क जिभेला लावला.

"काकू, पानी कोणतं देऊन राहिल्या?"

"टाकीचं. सुनेनं सांगितलं तसं."

"तुमच्या टाकीत नळाचं येते का बोरचं?"

"बोरचं," मी म्हणाले. आमच्याकडे नळ कितीतरी दिवसांआड येतो, ते पाणी हंड्यांत, पिण्यापुरतं. वरच्या टाकीत बोरचं, खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. लग्न होऊन आल्यापासून मी ते ओळखते. पण सुनेच्या फ्लॅटमध्ये टाकीत नळाचंच पाणी असतं. तिच्या तोंडी टाकी म्हणजे गोडं पाणी. ती म्हणाली टाकी, मी दिली टाकी.

"झाडाले मीठ चारलं तुमी," चाचा म्हणाले. "वरून पानी वाढवलं, मुळं सडली. आता वरचा शेंडा कापून पान्यात ठेवा, तो जगला तर जगला. गाठीच्या खाली कापा, बाहेर लोंबते ते मूळ संग आलं पायजे. लवकर करा, सड वर चढून राहिली."

तुम्हीच कापून द्या, असं म्हणणार होते. पण जिची वस्तू तिला न विचारता कापायची कशी? घरी येऊन फोन लावला आणि सगळं सांगितलं, कुंडी फिरवायचे तेही.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"कावून नाही सांगतलं, आई? पंधरा दिवस पाहून राहिली मी तुमचं तोंड."

"भेव वाटलं."

"मले काय वाटलं असन मंग?" मग म्हणाली, "फोन उभा ठेवा. सुरी उकळत्या पाण्यात धुवा. मी पाहतो."

सुरी हातात घेऊन मी दोनदा खाली ठेवली. "वर नका जाऊ. अजून खाली. तिथं. आता कापा." कापलं. तिनं लगेच फोन ठेवला. मी शेंडा बरणीत, हंड्यातल्या पाण्यात उभा केला आणि बुडाचा भाग वर्तमानपत्रात गुंडाळला. फेकवला नाही.

पुढं रोज सकाळी पाणी बदलायचं आणि फोटो पाठवायचा. ती पाहायची, उत्तर द्यायची नाही. पोराला विचारलं तर म्हणे, "आई, तू तिले बोलाले लावू नको आता."

ते दोघं आले तेव्हा सून चपला काढून सरळ बरणीपाशी गेली. खिडकीच्या उजेडात धरली. गाठीपाशी तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं काही आलं होतं. मला दोन दिवस आधीच दिसलं होतं, पण माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नव्हता.

"मूळच हाय ना?" मी विचारलं.

"हो." बरणी तिनं खाली ठेवली नाही. "मम्मीनं पण हे असंच लावलं होतं, एका तुकड्यावरून." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चहा ठेवा, आई. मी आज राग सोडणार नाही, पण चहा घेतो."

मी चहा ठेवायला उठले.