नऊ वर्षांची दुभाषी

२०१४ च्या सुमाराची गोष्ट. नवरा जर्मनीत, नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर, मी घरी, आणि नऊ वर्षांची लेक दर महिन्याला तापाने फणफणायची. जवळच्या हॉस्पिटलने बरेच दिवस नुसती औषधं दिली आणि शेवटी विद्यापीठाच्या मोठ्या किंडरक्लिनिकमध्ये, म्हणजे मुलांच्या इस्पितळात पाठवलं. नेमका त्याच आठवड्यात नवरा कामासाठी ड्रेस्डेनला. आम्ही दोघीच गेलो.

लेकीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच द्यायची. बेकरीत, बसमध्ये, सरकारी कचेरीत माझं अडलं की मी तिलाच पुढे करायची आणि वर पाहुण्यांत तिचं कौतुक सांगायची. ती चूक माझीच, आधीच कबूल करते.

डॉक्टरांनी माझं एक अडखळतं वाक्य ऐकलं आणि खुर्ची सरळ लेकीकडे वळवली. मूत्रपिंडांचं चित्र काढून ते भराभर बोलत राहिले. ती शहाण्यासारखी मान डोलवत होती. मग मला सोप्या जर्मनमध्ये म्हणाली, "आई, छोटं काम आहे. तू सही कर."

इतकं लांबलचक बोलणं आणि त्याचं सार एवढंसं? चित्रातल्या एका मूत्रपिंडावर फुली होती. टेबलाखाली पोर स्वेटरची बाही चुरगाळत होती. मला असा संताप आला की विचारू नका. हे माझ्या लेकरावर कोणी लादलं? त्यांनी, आणि मीसुद्धा.

मी पेन खाली ठेवलं आणि दुभाषी बोलवा म्हणाले. डॉक्टर म्हणाले, मुलगी उत्तम बोलते की. शिवाय आज सही झाली नाही तर ऑपरेशनची तारीख हातची जाईल. मी जागची हलले नाही.

"ती पेशंट आहे," मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाले. "तिच्या आजाराबद्दल माझ्याशी बोला."

नर्सने लेकीला खेळायच्या खोलीत नेलं. तासाभराने मराठी नाही, पण हिंदी येणारी एक दुभाषी बाई फोनवर मिळाली. मी प्रत्येक वाक्य दोनदा वदवून घेतलं. डॉक्टर घड्याळ पाहत होते, त्यांना पाहू दिलं. डावं मूत्रपिंड निकामी झालं होतं, काढावंच लागणार होतं. उजवं चांगलं होतं. सगळं नीट समजल्यावर मगच मी सही केली.

खेळायच्या खोलीत जाऊन लेकीला मांडीवर घेतलं आणि तिला मराठीत सगळं सांगितलं, काहीही न लपवता. तिने ऐकून घेतलं. मग शब्द जुळवत, चक्क मराठीत म्हणाली, "मला कळलं होतं. पण मी सांगितलं असतं तर तू रडली असतीस. मग मी कशी रडणार?"

"आता रड," मी म्हणाले. "मी आहे."

ती रडली.