तारप्याला पाठ

"ए, पिसं सरळ कर. आदिवासी दिसली पाहिजेस."

मॅनेजर मला म्हणाला. भिवंडीजवळच्या वडपे गावातल्या गोदामाच्या गाळ्यात, भरदुपारी, सगळ्यांसमोर.

मी आदिवासीच आहे. वारल्याची पोर. बारावी झालेली, रोज पंजाबी ड्रेस घालून कामाला येणारी. त्यात मी तशी दिसत नव्हते म्हणे. म्हणून भिवंडीतल्या गॅदरिंगचे कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानातून आमच्यासाठी आखूड लुगडी आली होती आणि डोक्याला बांधायला रंगीत पिसं. आमच्यात सात पिढ्यांत कुणी असली पिसं लावलेली नाहीत. कोंबडीची असावीत. वास येत होता.

गाळ्यात आम्ही बायका तारेच्या जाळीची बंडलं प्लास्टिकमध्ये गुंडाळतो आणि वर स्टिकर लावतो. ही जाळी कंटेनरमधून लांबच्या एका देशात जाते. तिथल्या सरकारनं डोंगरातल्या लोकांना त्यांच्या गावांतून हुसकावलं आणि उघड्या माळावर कोंडून घातलं. भोवती आमची जाळी. माझ्याबरोबर काम करणाऱ्या सुनंदानं जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर व्हिडिओ दाखवला तेव्हा मला हे कळलं. जाळीच्या आत एक म्हातारी उकिडवी बसली होती. माझी आत्या बसते, अगदी तशी. जाळीवर आमचाच स्टिकर. त्या दिवशी मला डबा संपवता आला नाही.

आमच्या कंपनीत ज्या गोऱ्या लोकांचे पैसे आहेत, त्यांनीही तो व्हिडिओ पाहिला होता. असल्या सरकारला माल देणार असाल तर आम्ही पैसे काढून घेऊ, असं त्यांनी कळवलं. मग त्यांची माणसं बघायला येणार असं ठरलं. मालकानं माल देणं काही थांबवलं नाही. त्याला आम्ही आठवलो. डोंगरातल्या माणसांना आपली कंपनी कशी जपते, ते आम्ही नाचून दाखवायचं होतं.

माझा बाप तारपा वाजवतो, आमचं भोपळ्याचं फुंकायचं वाद्य. मॅनेजर गाडी घेऊन आमच्या पाड्यावर आला.

बा म्हणाला, "सायेब, आता वैशाख हाय. नवा भात देवाला दाखवल्याबिगर आम्ही तारप्याला तोंड लावत न्हाय."

"तुमच्या देवाला सांगा, अर्जंट आहे," मॅनेजर हसत म्हणाला. मग माझ्याकडे बोट केलं. "हिची ड्युटी चालू राहायला पाहिजे ना?"

बा उठला. आढ्याला टांगलेला तारपा त्यानं खाली काढला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाहुणे आले. एक बाई, दोन पुरुष. बानं तारप्यात फुंक मारली. तारपेवाल्याभोवती फेर धरायचा, त्याला पाठ दाखवायची नाही, हे आमच्यात नुकतं चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. मॅनेजर ओरडला, "गोल नको! लाइनीत उभ्या राहा. तोंडं पाहुण्यांकडे!"

आम्ही वळलो. माझा बाप माझ्या पाठीमागे वाजवत होता. त्याचा दम तुटत होता, ते मला ऐकू येत होतं.

मी रांगेतून बाहेर पडले. पिसं उपटून टाकली. बाजवळ गेले आणि तारपा त्याच्या तोंडापासून बाजूला केला.

"बा, बस झाला."

पाहुण्यांना वाटलं, नाच संपला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी तशीच त्या बाईसमोर जाऊन उभी राहिले. म्हणाले, "बाई, या नाचावर जाऊ नका. ही जाळी ज्यांच्याभोवती लावतात, ती आमच्यासारखीच डोंगरातली माणसं आहेत. तुमचे पैसे काढून घ्या."

बाईनं मॅनेजरकडे पाहिलं. तो इंग्रजीत बोलला. ऐकून समजण्याइतकं इंग्रजी मला येतं. मी तिचे आभार मानते आहे, असं तो सांगत होता. पैसे काढू नका म्हणून हात जोडते आहे, असंही. बाईचे डोळे भरून आले. तिनं माझे दोन्ही हात धरले. मी नुसती "नो, नो" करत राहिले. बारावीपर्यंत शिकलेलं सगळं ऐन वेळी कुठं पळालं कोण जाणे. मी लाजते आहे, असं मॅनेजरनं तिला सांगितलं. फोटो निघाला.

पैसे राहिले. माल जातोच आहे. मला कामावरून काढलं नाही. पुढच्या वर्षी पाहुणे परत येणार आहेत, तेव्हा मी लागेन ना. आणि मीही काम सोडलं नाही. सोडून जाऊ कुठं? शेजारच्या दापोड्याला गेले तरी असले गाळेच. रोज माझ्याच हातानं जाळी गुंडाळते. लाज वाटते. पण नुसती लाज वाटून कंटेनर थांबत नाही.

नवा भात आला. देवाला दाखवून झाला. बानं तारपा खाली काढला नाही. "माझा तोंड बाटला," एवढंच म्हणाला.

त्या बाईला बोलले होते ते आता मी इंग्रजीत पाठ केलं आहे. बंडलं गुंडाळताना पुटपुटते. सुनंदानं एकदा ऐकलं आणि अर्थ विचारला. मी सांगितला.

"तुला येड लागलाय काय?" ती म्हणाली. "त्यांनी पैसं काढलं तं गाळा बंद व्हईल. माझी दोन पोरं हायत. आमच्या पोटावर पाय आणतेस?"

तिचं खोटं नाही. तिच्या पोरांना मी कडेवर खेळवलं आहे.

"मी बोलणार हाय," मी म्हणाले.

"आन् मंग खाशील काय?"

"ते मला म्हाईत न्हाय."

तेव्हापासून ती माझ्याशेजारी डबा उघडत नाही.

पाहुणे येतील. मी नाचणार नाही. बाच्या दारात मॅनेजरला उभं करणार नाही. त्या बाईसमोर जाईन आणि मधे कुणाला घेणार नाही. तिच्या भाषेत तिला सांगेन, पैसे काढ. माझी भाकरी जाईल. सुनंदाची जाईल. तरी सांगेन.