सांडव्याला बांधलेलं लुगडं

उंब्रजजवळच्या एका शेततळ्यावर मी मासे घ्यायला थांबलो होतो. मालक फौजेतून निवृत्त झालेला, ताठ कण्याचा म्हातारा. त्यानं जाळ्यातली एक चिलापी उचलून तिचं तोंड अलगद उघडलं, तशी बादलीत जिऱ्याएवढी पिल्लं सांडली. मी बघतच राहिलो.

"पिल्लं तोंडात सांभाळती. तवर घासभर खात न्हाई," तो म्हणाला. "परदेशातली हाय, पर हिच्यावरच माजं घर चाललंय."

तळ्याच्या सांडव्याला त्यानं बायकोचं जुनं लुगडं दुहेरी बांधलं होतं. पलीकडे ओढा होता आणि पुढं कृष्णा.

"एवढी गुणाची, मग कोंडून का ठेवता?"

"गुणाची हाय म्हणूनच! आमच्या नदीतली वांब मासोळी अंडी टाकून निघून जाती. हिची समदी जगत्यात. ही नदीत शिरली, तर वांबीनं जायाचं कुटं?"

बादली तळ्यात ओतताना एक पिल्लू सांडव्याबाहेर उडालं. म्हातारा गुडघ्यावर बसून ओलं गवत चाचपू लागला. सापडलं, तेव्हा मला वाटलं, आता चिरडणार. त्यानं ते ओंजळीतल्या पाण्यात धरलं, जपून तळ्यात सोडलं, आणि मग लुगड्याची गाठ पुन्हा करकचून आवळली.