येळवशीचं बीट

माझी लेक सात वर्षांची असताना वर्षभर पांढरीफटक होती. दोनदा रक्त चढवलं, तरी महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच. शी काळी व्हायची, पण लोहाचं औषध चालू होतं आणि त्यानं शी काळी होते हे आमच्या लोहारा गावात सगळ्यांना ठाऊक. औषधाच्या आड खरं रक्त वाहतंय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि त्याचा राग मला अजून येतो.

शेवटी सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला भूल देऊन तोंडातून दुर्बीण घातली. आतड्याच्या सुरुवातीलाच जन्मापासूनच्या वेड्यावाकड्या रक्तवाहिन्यांचा झुबका पाझरत होता. तो त्यांनी दुर्बिणीतूनच डागला. लोह सलाईनमधून दिलं, म्हणजे काळ्या रंगाला आता सबब उरली नाही.

"रोज शी बघा. काळी किंवा लाल दिसली तर लगेच या."

मी रोज बघायची. पिवळी शी बघून हरखणारी बाई जिल्ह्यात दुसरी नसेल.

महिन्याभरात येळवस आली. त्या अमावस्येला आमच्याकडं सगळं गाव शेतात जेवतं. गेल्या वर्षी लेक शेतातल्या कडब्याच्या खोपटात, कोपीत निजून होती. यंदा आंबील शिंपडत शेताला फेरी घालणाऱ्यांत ती सगळ्यांच्या पुढं पळाली. त्या आनंदात मी भज्जी, सगळ्या भाज्या-दाण्यांची ती येळवशीची भाजी, तीनदा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शी लालभडक!

नवरा, लेक आणि सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, सगळ्यांना जीपमध्ये कोंबलं. नळदुर्गावरून थेट सोलापूर गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या सांगितल्या आणि विचारलं, "काल काय खाल्लं हिनं?"

मी भज्जी, आंबील, खीर सांगितली. आत्या हळूच म्हणाल्या, "दोन बीटं बी दिली की म्या. तू नगं म्हणशील म्हणून कोपीमागं न्हेऊन. रगत वाढतंय त्यानं."

रिपोर्ट आले. शीत रक्ताचा टिपूस नव्हता आणि हिमोग्लोबिन वाढलं होतं, रक्त न चढवता, पहिल्यांदाच.

आत्यांवर ओरडायला मी तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. हसता हसता रडले.

"बघ, बीटानंच वाढलं," आत्या म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनीही वाद घातला नाही.

परतताना नळदुर्गच्या ढाब्यापाशी लेकीनं माझा पदर ओढला.

"आई, लई भूक लागलीय."

वर्षभर मी तिच्या मागं घास घेऊन फिरले होते. हे तिनं आपणहून कधी म्हटलं नव्हतं.